पडद्याआडचं एक मिनिट

माझी आजी वाईहून मुंबईला यायची ती एसटीने. येताना तिच्याजवळ जे काही मोलाचं असेल, ते नेमकं कुठे आहे हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसायचं. कनवटीला नोटा असतात हे सगळ्यांना माहीत होतं, पण ती म्हणायची, ती चोराला दाखवायची कनवट. खरी रक्कम चोळीला आतून शिवलेल्या खिशात असायची. नथ आणि कोल्हापुरी साज जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून शेंगदाण्याच्या लाडवांच्या डब्यात अगदी तळाशी ठेवलेला, आणि तो डबा वाईपासून परळपर्यंत तिच्या मांडीवर. वर टपावर ट्रंक असायची, पण तिच्यात फक्त लुगडी. ट्रंकेला मात्र भलं मोठं कुलूप. "कुलूप बघून चोर तिकडेच जातो," हा तिचा हिशेब.

मोलाची वस्तू दिसू नये आणि अंगावेगळी होऊ नये, एवढी दोनच कलमं आजीच्या कायद्यात होती. आमच्या घरातल्या सगळ्या बायकांनी प्रवासात तीच पाळली.

विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेत उभी राहिले की मला हमखास आजी आठवते, कारण तिथे ही दोन्ही कलमं एका झटक्यात रद्द होतात. जे लपवून ठेवलंय ते बाहेर काढायचं, उघड्या ट्रेमध्ये मांडायचं, तो ट्रे काळ्या रबरी झालरीच्या आत ढकलून द्यायचा आणि आपण रिकाम्या हातांनी दुसऱ्याच वाटेने पलीकडे जायचं. घरात ज्याला कुलूप लावतो ते सगळं, म्हणजे पाकीट, फोन, घड्याळ, लॅपटॉप, एका प्लास्टिकच्या परातीत. आणि आपण त्या परातीपासून दहा पावलं लांब, हात पसरून उभे.

आपल्याकडे यात आणखी एक खुबी आहे. दाराच्या चौकटीसारख्या त्या मेटल डिटेक्टरमधून गेल्यावर तो वाजो न वाजो, प्रत्येकाची हातातल्या यंत्राने तपासणी होतेच. पुरुष एका बुटक्या चौथऱ्यावर चढून, औक्षणाला उभं राहिल्यासारखे, सगळ्यांच्या देखत हात पसरतात. बायकांसाठी पडदा लावलेली खोपटी असते, आत महिला जवान. पडदा हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चौथऱ्यावरच्या पुरुषाला मान वळवली की आपला ट्रे पट्ट्यावर येताना दिसतो. पडद्याआडच्या बाईला दिसत नाही. तिची पर्स बाहेर पट्ट्यावरून सरकत येते, रोलरवर थांबते, मागून आलेल्या बॅगेचा धक्का खाऊन पुढे जाते, आणि ती आत "पीछे घूमिए" ऐकत असते. तसा हा खेळ मिनिटभराचा. खोपटी दोनच आणि बायका वीस असल्या की तीन-चार मिनिटांचा.

आईला पहिल्यांदा विमानाने नेलं ते २०११ साली, पुण्याहून दिल्लीला, मावसभावाच्या लग्नाला. पर्समध्ये तिचा तन्मणी, बाजूबंद आणि आहेराची पाकिटं होती. पर्स यंत्रात टाकायची हे तिला पटवायलाच पाच मिनिटं गेली. "मी हातात धरून चालते ना, बघू दे त्यांना हवं तर उघडून." शेवटी टाकली. चौकटीतून गेली, पडद्याआड गेली. मी तिच्या मागे अजून रांगेतच होते. आणि आतून तिचा आवाज आला, गच्चीवरून खालच्या भाजीवाल्याला हाक मारावी तसा खणखणीत: "अगं, पर्सकडे लक्ष ठेव! तन्मणी आहे त्यात!"

पुण्याचा विमानतळ. रांगेतल्या निम्म्याअधिक लोकांना तन्मणी म्हणजे काय ते व्यवस्थित माहीत होतं. सगळ्यांनी पर्सकडे बघितलं. पलीकडे पट्टा घालत उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी तितक्याच गंभीरपणे पडद्याच्या दिशेने सांगितलं, "आहे हो काकू, इथेच आहे."

आत मात्र वेगळंच नाट्य चाललं होतं, ते मला नंतर कळलं. परकराला आतून शिवलेल्या खिशात आईने पंधरा हजार ठेवले होते. जवान मुलीच्या हाताला ती घडी लागली. काय आहे, काढून दाखवा, म्हणाली. आईने काढून दाखवले, तिने बघितले, परत ठेवा म्हणाली, संपलं. पण आई विमानात बसेपर्यंत गप्प होती. तो खिसा बाबांनाही माहीत नव्हता.

हे सगळं कुठून सुरू झालं त्याचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. विमानात बसण्याआधी प्रत्येकाचं अंग आणि प्रत्येकाची बॅग तपासायची, हा नियम अमेरिकेत जानेवारी १९७३ मध्ये लागू झाला, विमान अपहरणांच्या लाटेनंतर. आपल्याकडे १९७१ साली श्रीनगरहून जम्मूला निघालेलं फोकर विमान लाहोरला पळवून नेलं होतं. पुढे डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं आयसी ८१४ कंदहारला नेलं गेलं, आणि त्यानंतर विमानतळांची सुरक्षा राज्यांच्या पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे गेली. २००० साली जयपूरपासून सुरुवात झाली. २००१ च्या डिसेंबरात एका माणसाने बुटात स्फोटकं दडवून विमानात नेली, म्हणून अमेरिकेत पुढे वर्षानुवर्षं लोक अनवाणी झाले. २००६ साली लंडनमध्ये द्रवरूप स्फोटकांचा कट उघड झाला, म्हणून आपली १०० मिलिलीटरच्या वरची खोबरेल तेलाची बाटली कचऱ्यात गेली. लपवणाऱ्यांनी जितकं आत लपवलं, तितकं आपल्याला बाहेर काढावं लागतंय. आजीचा लाडवांचा डबा आणि त्या माणसाचा बूट, यंत्राला दोन्ही सारखेच.

जाता जाता, ते कागदी टॅग आठवतात का? प्रत्येक हातपिशवीला दोऱ्याने बांधायचा, त्यावर गोल शिक्का बसायचा. शिक्का नसेल तर विमानाच्या दारातून परत पाठवायचे. एप्रिल २०१७ पासून मुंबई-दिल्लीसह सात मोठ्या विमानतळांवर ते बंद झाले, मग बाकीच्या ठिकाणीही हळूहळू गेले. सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही. पण शिक्क्यामुळे एक गोष्ट आपोआप व्हायची. शिक्का बसला का हे बघायला माणूस थांबायचा, आपल्या पिशव्या मोजायचा, एक, दोन, तीन. आता ते थांबणं गेलं. पट्ट्यावरून उचला आणि सुटा.

वस्तू हरवते ती या सुटण्यात. हे मी अनुभवाने सांगते, आणि तो अनुभव दागिन्यांचा नाही.

बाबा तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. दोन्ही कानांना श्रवणयंत्रं, जोडीची किंमत दीड लाखाच्या वर. म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात महागडा दागिना तोच, आणि तो सोन्याचा नसल्यामुळे कुणाच्या लक्षातही यायचा नाही. आम्ही एका मोठ्या विमानतळावर होतो, नाव कशाला घ्या. बाबा नियम पाळणारे. त्यांच्या पुढच्या तरुणाने फोन काढला, घड्याळ काढलं, कानातले इअरबड काढले आणि ट्रेमध्ये टाकले. बाबांनी ते बघितलं. फोन काढला, घड्याळ काढलं आणि कानातली दोन्ही यंत्रं काढून ट्रेच्या कोपऱ्यात ठेवली. श्रवणयंत्र काढावं लागत नाही, कानात आहे एवढं सांगितलं की पुरतं. पण ते त्यांना सांगायला मी शेजारी नव्हते, मी बायकांच्या रांगेत होते.

आता गंमत बघा. यंत्रं काढल्यावर बाबांना ऐकू येणं बंद. जवान म्हणतोय पुढे या, बाबा उभेच. जवान म्हणतोय हात वर करा, बाबा खिसे उलटे करून दाखवतायत. मागची रांग चुळबुळ करायला लागली. मी पडद्यातून बाहेर आले तेव्हा बाबा घाबरेघुबरे झाले होते आणि त्यांच्या सामानाचे तीन ट्रे रोलरच्या टोकाला जाऊन अडकले होते. मी भराभर सगळं उचललं. बॅग, पट्टा, घड्याळ, फोन, किल्ल्या, सुटे पैसे. मला माझाच अभिमान वाटला, इतक्या झटपट उचललं. रिकामे ट्रे एका मुलाने एकात एक घातले आणि ढकलगाडीवर ठेवून नेले.

गेटपाशी जाऊन बसलो. अर्ध्या तासाने मी विचारलं, "बाबा, चहा घेणार का?"

बाबा म्हणाले, "अजून चाळीस मिनिटं आहेत."

मी त्यांच्या कानाकडे बघितलं आणि पोटात गोळा आला.

धावत परत गेले. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे तीन गोष्टी विचारल्या. कितव्या मशिनवर होता? साधारण किती वाजता? ट्रे एक होता की जास्त? मला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता येईना. मशिनला नंबर असतो हेच मी तोपर्यंत बघितलं नव्हतं. वर पाटीवर मोठ्या आकड्यात लिहिलेला असतो. शेवटी मागोमाग आलेल्या बाबांच्या सांगण्यावरून पत्ता लागला. बाबा सांगत होते, "जिथे मी गोंधळ घातला तिथे." तो गोंधळ तिथल्या दोघा जवानांना चांगलाच आठवत होता.

ट्रे करड्या रंगाचा, यंत्रं करड्याच रंगाची, बोटाच्या पेराएवढी. एक यंत्र ट्रेच्या चळतीत सापडलं, वरच्या ट्रेच्या बुडाखाली दबलेलं, नशिबाने शाबूत. दुसरं नव्हतं. दुसरं चळतीबरोबर फिरून पुन्हा रांगेच्या सुरुवातीला पोचलं होतं. तिथे कुणा मुलाने रिकामा ट्रे उचलल्यावर त्याला ते दिसलं आणि त्याने प्रामाणिकपणे जवानाच्या हातात दिलं. सापडलेल्या वस्तूंच्या वहीत त्याची रीतसर नोंदही झाली होती: "ब्लूटूथ इअरबड, १ नग." मी वस्तू ओळखली, ओळखपत्र दाखवलं, सही केली. मला विचारलं, जोडीतला दुसरा कुठेय? मी बाबांकडे बोट दाखवलं. त्यांनी कानात घातलेलं होतं आणि ते अधिकाऱ्याला म्हणत होते, "आता बोला."

चोरी झाली असती तर निदान कुणावर तरी चिडता आलं असतं. इथे सगळे सज्जन होते, वस्तू तेवढी हिंडून आली. तेव्हापासून मी ट्रे उचलला की तो उजेडाकडे तिरका करून चारही कोपरे बघते, सुपातले खडे बघावे तसे. माझ्या मुलीला याची लाज वाटते.

चोऱ्या होतच नाहीत असं नाही. २०२३ साली मायामीच्या विमानतळावर तपासणी करणारेच कर्मचारी ट्रेमधल्या पाकिटातून नोटा काढताना कॅमेऱ्यात सापडले आणि ती चित्रफीत जगाने पाहिली. पण मला जास्त बोलका वाटतो तो दुसरा आकडा. अमेरिकेत प्रवासी तपासणीच्या ट्रेमध्ये जी चिल्लर विसरून जातात, ती २०१८ च्या आर्थिक वर्षात साडेनऊ लाख डॉलरहून अधिक भरली होती. ही रक्कम तिथली सुरक्षा यंत्रणा कायद्यानेच स्वतःच्या कामासाठी ठेवू शकते. साडेनऊ लाख डॉलर, आणि चोर एकही नाही. नुसती घाई. आपल्याकडे सापडलेल्या वस्तूंची यादी सीआयएसएफच्या संकेतस्थळावर असते. कधी चाळून बघा, पट्टे, घड्याळं, पाकिटं, लॅपटॉप. लॅपटॉप विसरणारा माणूस कोणत्या तंद्रीत असेल? आणि मग मला "ब्लूटूथ इअरबड, १ नग" आठवतं आणि मी गप्प बसते.

माझी आताची रीत सांगते. शास्त्र म्हणून नाही, सवय म्हणून. रांगेत शिरण्याआधीच एका खुर्चीवर बसायचं. घड्याळ, पाकीट, किल्ल्या, सुटे पैसे, जे म्हणून अंगावरून काढावं लागणार ते तिथेच काढायचं आणि पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात टाकायचं. ट्रेमध्ये सुटं काहीच जाणार नाही. जे जाईल ते बंद पर्समध्ये जाईल. लॅपटॉप आणि फोन काढायला सांगतात तेव्हा ते दोन्ही एकाच ट्रेमध्ये, पालथे. ट्रे पट्ट्यावर ठेवून पुढे पळायचं नाही. चौकटीपाशी माझ्या पुढे एकच बाई उरली की मगच ट्रे झालरीच्या आत ढकलायचा, आणि तो आत गेलेला डोळ्यांनी बघायचा. मागचे लोक "चला, चला" करतात. करू देत. पर्स सगळ्यात शेवटी सोडायची, आधी बूट, मग बॅग, मग पर्स. म्हणजे बाहेर येतानाही ती शेवटी येते आणि तेवढा वेळ मला पडद्याआड मिळतो. ही युक्ती मला एका हवाई सुंदरीने सांगितली नाही की कुठे वाचली नाही. लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीला चपला काढताना आपली नवी चप्पल सगळ्यात शेवटी काढायची आणि आधी घालायची, त्यातलीच आहे ती.

दोघं असलो तर एकाने आधी पलीकडे जायचं आणि दुसऱ्याने सामान सोडून मागून यायचं. नवरा-बायको नेमके एकाच वेळी पुढे जातात आणि दोघं एकाच वेळी अडकतात. आपल्याकडे रांगाच वेगळ्या, त्यामुळे हे आधी ठरवावं लागतं. आमच्याकडे ठरवताना भांडण होतं, पण ते वेगळं.

लॅपटॉपचा घोळ तर रोजचाच. एकाच कंपनीचे, एकाच राखाडी रंगाचे पाच लॅपटॉप एकापाठोपाठ बाहेर येतात आणि पाच माणसं उचलून पाच दिशांना जातात. मुलीच्या लॅपटॉपवर मांजराचं स्टिकर आहे. मी माझ्यावर एक टिकली लावली आहे, मरून रंगाची. आठ वर्षांत ती दोनदा बदलली. त्या टिकलीमुळे ऑफिसात थट्टा झाली, पण हैदराबादला एक गृहस्थ माझा लॅपटॉप बॅगेत घालत असताना मी त्यांना म्हणू शकले, "ज़रा पलट के देखिए, बिंदी है क्या?"

दागिन्यांबद्दल मात्र आजीचंच खरं. जे अंगावर आहे ते अंगावर राहू द्यावं. मंगळसूत्र, बांगड्या, पाटल्या, जोडवी काढून ट्रेमध्ये टाकणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. त्यांना कुणीही सांगितलेलं नसतं. नाहीतरी हातातल्या यंत्राने तपासणी होणारच आहे. यंत्र मनगटापाशी वाजतं, जवान बघते, संपलं. जे अंगावर घालण्यासारखं नाही, म्हणजे लग्नाचे जड दागिने, त्याची पुरचुंडी हातातल्या बॅगेत, मऊ कापडी बटव्यात, एकावर एक न रचता. माझ्या मामेबहिणीने मुलीच्या लग्नाला नागपूरला जाताना सगळं एका स्टीलच्या डब्यात गच्च भरलं होतं. एक्स-रेच्या पडद्यावर कागद, कापड, खाणं अशा वस्तू नारिंगी दिसतात आणि धातू निळे. सोनं इतकं घट्ट की किरणं पारच जात नाहीत. त्यामुळे तो डबा म्हणजे एक काळा ठोकळा दिसला असणार. बॅग बाजूला काढली, उघडायला सांगितली. डझनभर लोकांसमोर मोहनमाळ आणि तोडे बाहेर काढायची वेळ आली, तेव्हा बहिणीला सुचलं आणि ती म्हणाली, "अलग से देख सकते हैं क्या?" आत एका टेबलापाशी नेलं, महिला जवानाने बघितलं, दोन मिनिटांत परत. विचारलं तर मिळतं. विचारायचं सुचायला हवं, कारण खाकी समोर आली की आपली वाचाच बसते.

चेक-इनच्या बॅगेत मात्र सोनं, रोकड, कागदपत्रं कधीच नाहीत. ट्रंकेत फक्त लुगडी. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग हरवली तर १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराप्रमाणे भरपाईची कमाल मर्यादा आहे, २८ डिसेंबर २०२४ पासून ती माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे ढोबळमानाने दोन हजार डॉलर. आत किती तोळे होते हे त्या मर्यादेला कळत नाही. सामान सोपवतानाच वेगळं मूल्य जाहीर करून जादा पैसे भरले असतील तर गोष्ट निराळी, पण तसं करणारा माणूस मला अजून भेटायचाय. आणि एक सापळा शेवटच्या क्षणी असतो. विमान भरलेलं असलं की गेटवर गोड आवाजात सांगतात, केबिन बॅग द्या, आम्ही खाली ठेवतो. आपण उदार मनाने देऊन टाकतो. बटवा आतच. म्हणून माझा बटवा बॅगेत सगळ्यात वर असतो, एका हाताने काढता येईल असा.

आईच्या पाटल्यांचा किस्सा अमेरिकेतला. भावाकडे गेली होती, शहात्तर वर्षांची असताना. त्या पाटल्या तिच्या सासूच्या, म्हणजे लाडवांच्या डब्यावाल्या आजीच्या. पस्तीस वर्षं हातात आहेत. साबण लावून, तेल लावून, हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, सगळे प्रयोग झाले, निघत नाहीत. जाण्याआधी महिनाभर तिला तीच काळजी. "कापायला लावतील का गं?" मी म्हटलं, नाही लावणार. पण खात्री मलाही नव्हती.

परतीच्या प्रवासात तिथल्या तपासणीत पंच्याहत्तरीच्या पुढचे म्हणून तिला बूट काढावे लागले नाहीत, ही सवलत २०१२ पासून होती. (बाकीच्यांचे बूट २०२५ च्या जुलैत सुटले.) मग काचेच्या उभ्या नळकांड्यात नेलं, हात डोक्यावर धरायला लावले. बाहेरच्या पडद्यावर माणसाची नुसती बाह्यरेषा उमटते आणि जिथे काही आढळेल तिथे पिवळा चौकोन येतो. आईच्या दोन मनगटांवर दोन चौकोन आले, बाकी अंग निर्मळ. बाईने मनगटं चाचपली, पाटल्या फिरवून बघितल्या, मग एका चिंधीसारख्या पट्टीने आईचे दोन्ही तळवे पुसले आणि ती पट्टी यंत्रात घातली. स्फोटकांचा अंश आहे का ते बघतात तसं. आईने भावाला फोनवर जे सांगितलं ते असं: "हात पुसून घेतले रे तिने माझे. म्हटलं, बाई, हळद आहे ती, निघायची नाही."

एक काम मात्र आम्ही जातानाच करून ठेवलं होतं. दागिने नेऊन परत आणायचे असतील तर निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून तशी नोंद केलेलं प्रमाणपत्र घेता येतं, म्हणजे येताना हे नवं सोनं नाही हे सिद्ध करत बसावं लागत नाही. पाटल्यांची पावती मागितली असती तर काय दाखवणार होतो? वाईच्या कुठल्या सोनाराने कुठल्या साली घडवल्या ते आजीलाच माहीत. प्रमाणपत्राचा कागद आईने कुठे ठेवला असेल ते सांगायला नको. मुंबईत उतरल्यावर कुणी विचारलंच नाही. आईला त्याचं थोडं वाईट वाटलं.

गेल्या महिन्यात मी एकटीच बंगळुरूला निघाले होते. सकाळची सहाची वेळ, रांग ही लांब. लाउडस्पीकरवर नेहमीची सूचना चालू होती, अनोळखी व्यक्तीची कोणतीही वस्तू सांभाळायला घेऊ नका. आजीच्या एसटीत याच्या बरोबर उलट चालायचं. थांब्यावर उतरताना शेजारणीला "जरा बघा हं" एवढं म्हटलं की ट्रंक, डबा, कधीकधी मूलसुद्धा, सगळं तिच्या हवाली. माझ्यापुढे विशीतली एक मुलगी होती. तिचा ट्रे आधीच आत गेला होता, पडद्यापुढे अजून तीन बायका. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं, एकदा लाउडस्पीकरकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "काकू, माझा ट्रे... जरा बघाल?"

त्या दिवशी माझ्यासाठी दुसऱ्या खोपटीतलं बोलावणं आधी आलं, म्हणून मी तिच्याआधी बाहेर पडले. तिचा ट्रे रोलरच्या टोकाला होता. फोन, राखाडी लॅपटॉप, चांदीचं कडं. मी त्यावर हात ठेवून उभी राहिले. माझी पर्स ठरल्याप्रमाणे सगळ्यात शेवटी झालरीतून बाहेर आली, पण मी तर दुसऱ्या टोकाला. मध्ये चार माणसं. मी मान उंच करून बघतेय, हात इकडच्या ट्रेवर. तेवढ्यात पलीकडे बूट चढवत असलेल्या एका सरदारजींनी पर्स उचलली, वर धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "किसका है जी, ये किसका है?"

"माझी, माझी!" मी ओरडले. मराठीतच. अगदी आईच्या पट्टीत.